कोट्टक्कलने मावशीला काय शिकवलं?

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातलं कोट्टक्कल हे छोटंसं शहर. भर पावसात मी मावशीला घेऊन तिथे गेले. निमित्त गुडघेदुखीचं होतं, पण तिची खरी चिंता वेगळी होती. समोर नवं सलून आलं होतं. सवलती देऊन देऊन तिच्या पार्लरचा गल्ला आटला होता. पार्लर बंद करायचं का?

इथली आर्य वैद्यशाला पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये सुरू केली. लोक घरोघरी काढे उकळत, तेव्हा त्यांनी तयार औषधं विकायला घेतली. वैद्य घडवण्यासाठी पाठशाळा काढली. पुढे मृत्युपत्र करून संस्था ट्रस्टकडे सोपवली. म्हणूनच संस्थापक गेल्यावरही काम थांबलं नाही.

पिळिच्चिल करताना दोन्ही बाजूंनी कोमट तेलाची धार एका लयीत पडत होती. मावशी म्हणाली, ‘‘सगळ्यांचे हात सारखेच चालतात गं! माझ्याकडे मी नसले की गिऱ्हाईक परत जातं.’’

घरी येताच तिने सवलतीची पाटी उतरवली. आता दर मंगळवारी दुपारी पार्लर बंद असतं. त्या वेळात ती दोघी मदतनीस मुलींना शिकवते.