नारायणगाव आलं का?

रात्री घर निजलं, की मी टेबलाच्या कडेला स्टिअरिंग आवळतो, पायाशी पेडलं सरकवतो, दिवा मालवतो आणि जर्मनीत जातो. आयफेलच्या डोंगररानातला न्युर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक, २०.८ किलोमीटरचा. पडद्यावर कोवळं ऊन असतं, झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरसर मागे पळतात, चढ आला की समोर नुसतं आभाळ उरतं आणि पलीकडे रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे हे डोळ्यांआधी हातांनाच ठाऊक असतं. स्टिअरिंगच्या पोटातली मोटर मनगटाला हिसका देते. कॅरूसेलच्या खोलगट काँक्रीटमध्ये चाक उतरलं, की तो खडखडाट कोपरापर्यंत चढत येतो.

खुर्ची मात्र जागची हलत नाही.

खुर्ची तेव्हाही हलत नव्हतीच. तेव्हा खुर्चीच नव्हती. जुन्नरकडच्या आमच्या घराचा उंबरा होता आणि हातात पितळेचं ताट. काठाला गार, मधे किंचित खोल, एका जागी पोचा आलेलं. तो पोचा सरळ वर असला की गाडी सरळ चालली, हा माझा हिशेब. उलथनं म्हणजे गिअर. एसटीत मी कायम पुढे घुसायचो, ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटला पाय लावून त्या लांबलचक थरथरत्या दांड्याकडे बघत राहायचो. घरी आल्यावर तो दांडा, ते बॉनेट, ते डिझेलच्या वासाचं ऊन, सगळं ओठांतून काढायचं. भुर्रर्र. पहिल्या गिअरला जाड, घशातलं. दुसऱ्याला जरा तलम. घाट चढताना मधेच दम तुटलेलं. ताटावर थुंकीचे बारीक थेंब उडायचे आणि चुलीपुढून आई विचारायची, "नारायणगाव आलं का रं? आलं असंल तर ताट दे, भाकरी वाढायचीय."

कधीकधी मी मुद्दाम मधे पंक्चर काढायचो.

बाकीची खेळणीही अशीच, कशाची तरी उरलेली. झिजलेल्या स्लीपरमधून कापलेली चाकं, ज्वारीच्या चिपाडाचा गाडा, काठीनं हाणत पळवायचा सायकलचा टायर. विकतची एक मोटार होती, चावीची. ती आपली आपण पळायची, म्हणून तिच्यात जीव रमला नाही. आपल्याला दम लागल्याशिवाय गाडी पुढं जाते, हे काही पटायचं नाही.

आणि चैत्रात यात्रा यायची, बैलगाड्यांची शर्यत घेऊन. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत, भंडाऱ्यानं पिवळा झालेला वारा, पुढे घोडी आणि मागून चौखूर सुटलेले बैल. लाउडस्पीकरवरचा माणूस श्वास रोखून थांबायचा, गाडा सुटला की त्याच्या तोंडून भिर्रर्र निघायचं आणि आख्खा डोंगर ते परत म्हणायचा. आमच्याकडच्या शर्यतीत गाडे एकमेकांशेजारून पळत नाहीत. प्रत्येकाची बारी वेगळी. घाटात एकटा गाडा आणि समोर नुसतं घड्याळ. अकरा-बारा सेकंद, की निशाण पडलं. एवढ्यासाठी वर्षभर बैलाला मुलासारखं जपायचं. पण जपणाऱ्यांच्याच हातात कधी काय असायचं, शेपटीपाशी काय चालायचं, तेही मी खांद्यावरून पाहिलंय. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, तेव्हा मला आतून सुटल्यासारखं झालं. आणि पुढच्या चैत्रात सुन्या घाटावर वाढलेलं गवत बघून घशात काहीतरी अडकलं. दोन्ही खरं. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, घाट पुन्हा वाजायला लागला, पण मधल्या वर्षांत मी स्टिअरिंग घेतलं होतं. इथे कुणाला टोचावं लागत नाही.

इथेही बारी एकट्याचीच. फक्त समोर एक धूसर गाडी धावते, तिला घोस्ट म्हणतात. भुताखेताची नव्हे, माझ्याच सगळ्यात चांगल्या फेरीची ती सावली. कालचा मी, काचेसारखा आरपार, आजच्या माझ्यापुढे दोन गाड्यांचं अंतर राखून. वळणावर मी त्याच्या अंगातून जातो. काही लागत नाही.

अशा सिम्युलेटरांच्या मुळाची एक गोष्ट वाचली आणि फार दिवस मनात घोळवली. विमान चालवायला शिकवणारं पहिलं यशस्वी सिम्युलेटर १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनच्या एडविन लिंकनं बनवलं. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा. त्या वाद्यांचेच भाते त्यानं लाकडी विमानाच्या पोटाखाली बसवले. हवा भरली, सोडली, की विमान डुलायचं, कलायचं. सैन्यानं ते घेतलं पुढं, १९३४ मध्ये. आधी गिऱ्हाईक मिळालं ते जत्रेतल्यासारख्या करमणुकीच्या बागांमधून. म्हणजे सिम्युलेटर आधी खेळणं होतं आणि ते श्वासावर चालायचं. भजनातल्या पेटीचा भाता मला दिसला, आणि त्याच्यामागे उंबऱ्यावर गाल फुगवून बसलेला एक पोरगा.

काल रात्री आवाज बंद ठेवून खेळत होतो. आई हल्ली इथे पुण्यात असते, तिची झोप कातर झालीय. शेवटचा लांब सरळ रस्ता लागला, घोस्ट जेमतेम हाताच्या अंतरावर, आणि बंद स्पीकरमधून इंजिन ऐकू यायला लागलं. चौथा, पाचवा, सहावा. पडद्यावर काहीतरी बारीक उडालं. मी बोटानं पुसलं. ओलं होतं.

मागे दार करकरलं. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, केस सुटलेले, डोळ्यांत झोप. पडद्यावरचं जंगल तिनं थोडा वेळ पाहिलं.

"नारायणगाव आलं का रं?"

"अजून दोन वळणं," मी म्हणालो.