ब्रुसेल्समधील एक माळा

बिअरच्या भट्टीचें वर्णन ह्या पानांवर पाहून कित्येक वाचकभगिनी नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु आम्हांस तेथें नेलें तें तहानेनें नव्हे. भाच्याच्या पोळलेल्या पायानें.

आमचा भाचा ब्रुसेल्स येथें नोकरीस असतो. तेथें त्याला घरीं बिअर करण्याचा छंद जडला. मोड आणवून वाळविलेल्या जवाचा गोड काढा हॉप्सच्या फुलांसह तासभर उकळावयाचा, निववावयाचा आणि मग त्यांत यीस्टचें विरजण घालावयाचें, अशी ती कृति. गेल्या हिवाळ्यांत वीस लिटरांचें उकळतें पातेलें गच्चींत निववावयास नेतांना त्याचा तोल गेला. "जखम पाहून ये, आणि तें खूळ बंद करून ये," असें अक्कानें आम्हांस निघतांना बजाविलें होतें.

भाच्यानें लंगडत लंगडतच आम्हांस आन्डरलेख्ट भागांतील कांतियों भट्टी दाखविली. ती १९०० सालची. १९७८ पासून तेथें संग्रहालयही आहे. छपराखालच्या माळ्यावर तांब्याची एक विस्तीर्ण पण उथळ परात आहे. तींत सुमारें साडेसात हजार लिटर काढा मावतो. थंडीच्या महिन्यांत तो येथें रात्रभर उघडा ठेवितात. सकाळीं तो वीस अंशांच्या आसपास उतरलेला असतो आणि हवेंतील यीस्ट व जंतु हेंच त्याचें विरजण होतें.

"मग तूंही असाच रात्रभर ठेव कीं!" आम्ही म्हणालों.

"मामा, इथें आंबटपणा हवाच असतो. पुढें आम्लता आणि मद्यार्क वाढले कीं अपायकारक जंतु मरतात. त्यासाठीं लांकडी पिंपांत महिनोन्महिने, कधीं तीन वर्षेंही, वाट पाहतात. मला मात्र एकच निवडलेलें यीस्ट हवें. काढा फार वेळ कोमट राहिला तर त्याच्या आधीं जंतूच शिरतात."

कोमट दूध विसरून राहिलें तर काय होतें, हें ठाऊक असलेल्या घरांत ह्याहून अधिक सांगणें नको.

सायंकाळीं त्यानें आपली नवी युक्ति दाखविली. तांब्याच्या नळीचें वेटोळें उकळी संपण्यापूर्वीं पंधरा मिनिटें काढ्यांत बुडवावयाचें, म्हणजे तें निर्जंतुक होतें. मग आंच बंद करून नळींतून नळाचें गार पाणी खेळवावयाचें. पाणी काढ्यांत मिसळत नाहीं. केवळ उष्णता घेऊन बाहेर पडतें. पहिलें पाणी कढत येतें, म्हणून रबरी नळीचें टोंक मोरींत घट्ट बसविलेलें असावें. स्वच्छ पळीनें काढा हळूंहळूं ढवळीत राहिल्यास अर्ध्या तासांत काम होतें. पातेलें मात्र जागचें हलत नाहीं.

खूळ बंद करण्याची गोष्ट आम्हांस काढवली नाहीं. अक्कास मात्र त्याच रात्रीं कळविलें : पोराच्या पिण्याविषयीं काय तें तूंच बोल, पण पातेलें आतां चुलीवरून निवल्यावांचून उतरत नाहीं.