काचेच्या तळाशी

माणसाचे वर्तन पाहून त्याच्या मनाचा ठाव घेणे हा आमचा धंदाच आहे. वीस वर्षे बालाघाटच्या न्यायालयात साक्षीदारांच्या चेहऱ्यांकडे पाहत आलो. कोणाचा घसा केव्हा कोरडा पडतो, उत्तर देण्यापूर्वी कोण कोणाकडे पाहतो, हे टिपण्याची सवय हाडीमासी खिळलेली. असे असूनही आमच्याच ओसरीवर एक मुका जीव पंधरा दिवस साक्ष देत होता आणि ती आम्हांस वाचता आली नाही, हे वाचकांपुढे कबूल करताना संकोच वाटतो.

हा जीव म्हणजे एक सिंघी. दोन वर्षांपूर्वी, मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर, आमच्या धाकट्या चिरंजीवाने आठवडी बाजारात ढिवराच्या टोपलीतून ती जिवंत उचलून आणली. वैनगंगेच्या काठच्या या मुलखात हा मासा सर्वांच्या ओळखीचा आहे. अंगावर खवले नाहीत, रंग काळपट तांबूस, डोळे बारीक, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. गालामागच्या परांना एकेक विषारी काटा असतो आणि तो लागला की धडधाकट माणूस कळवळतो. दिवसा ही तळाशी पडून राहते, रात्री मिशांनी चाचपीत फिरते. कल्ल्यांच्या कप्प्यातून मागे शेपटीकडे गेलेल्या दोन लांब पिशव्यांत हवा भरून घेण्याची सोय निसर्गाने तिला दिली आहे. म्हणून उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्याच्या चिखलातही ती तग धरते. ब्लॉख नावाच्या जर्मन पंडिताने १७९४ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याने नाव दिले ‘फॉसिलिस’, म्हणजे जमिनीतून खणून काढलेला. आमच्या ढिवरांना हे लॅटिन ठाऊक नसले, तरी चिखल उपसून सिंघी काढण्याची विद्या त्यांना वाडवडिलांपासून अवगत आहे.

शोभेचे रंगीबेरंगी मासे सोडून हे काळे ध्यान घरात कशाला, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. पण चिरंजीवाने हट्ट धरला, तीन फुटांची काचपेटी आली, तळाशी वाळू पसरली, एक फुटके कौल उपडे ठेवले आणि सिंघी त्याखाली रहिवासी झाली. आम्ही येता-जाता पेटीकडे पाहत असू. पाहत असू म्हणजे त्या दिशेने आमचे डोळे वळत, इतकेच.

गेल्या भाद्रपदात गणपती घरी आले. मखर ओसरीवर, पेटी त्याच्या शेजारी. पाहुण्यांसमोर शेवाळलेली काच बरी दिसणार नाही म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही स्वतः पंचा नेसून पेटी धुतली. जुने पाणी सारे टाकले, वाळू नळाखाली खळखळून घेतली, गाळणीतला स्पंज पिळपिळून पांढरा केला आणि नळाचे स्वच्छ पाणी भरले. पावसाळ्यात त्या पाण्याला जंतुनाशक पावडरीचा वास जरा अधिकच येतो. तो आम्हांस शुद्धतेची खूण वाटला. पुढचे पाच दिवस दर्शनाला येणाऱ्या मुलाबाळांनी पेटीत चुरमुरे टाकले, मोदकांचे तुकडे टाकले. देवळाच्या तळीत माशांना चुरमुरे घालणे हे पुण्यकर्म. तेव्हा कोणी कोणास अडवावे?

विसर्जनानंतर सिंघीचे वागणे पालटले. भर दुपारी ती कौलाबाहेर येऊ लागली. तळापासून काचेला घासत सरळ वर यायचे, पृष्ठभागी तोंड उघडायचे, पुन्हा खाली बसायचे. टाकलेले खाणे तसेच पडून राही. आम्ही निदान केले ते असे. पहिला तर्क, पाऊस येणार. युरोपात सिंघीसारखाच चिखलात राहणारा एक मासा आहे. हवेचा दाब उतरला की तो अस्वस्थ होतो, म्हणून तिकडचे लोक त्याला बरणीत ठेवून हवामानाचा अंदाज घेत, असे आमच्या वाचनात होते. पाऊस आला आणि गेला. सिंघीची येरझार थांबली नाही. दुसरा तर्क, ती मुळी हवा घेणारीच, वर येणे तिचा स्वभावच. हा तर्क इतका सोयीचा होता की आम्ही त्यावर निर्धास्त झालो.

आमची आई मूळची गोव्याची, मंगेशीच्या तळीकाठी वाढलेली. वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत हिशेबनीस होते, त्यांच्या मागे ती इकडे आली आणि इकडचीच झाली. पण मनातले बोलायचे झाले की तिच्या तोंडी अजून कोकणीच येते. एके सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, “हें नुस्तें आतां परत परत वयर येता रे.” आम्ही उत्तरलो, “आई, त्या माशाचा तो स्वभावच आहे.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “स्वभाव मला ठाऊक आहे. पूर्वी माझी एक माळ ओढून होईतो ती दोनदा वर यायची. आता सात-आठदा येते.”

आम्ही कप खाली ठेवला. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ८ वे कलम आम्ही उभ्या हयातीत शेकडो वेळा वापरले असेल. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियम आला आणि तेच तत्त्व आता त्याच्या ६ व्या कलमात आहे. घटनेच्या पूर्वीचे वर्तन आणि नंतरचे वर्तन, दोन्ही पुराव्यात येतात. नंतरचे वर्तन आमच्या डोळ्यांसमोर होते. पूर्वीचे आमच्यापाशी नव्हतेच, कारण आम्ही कधी पाहिले नव्हते. ते होते आईच्या एकशे आठ मण्यांत.

नागपूरहून पाणी तपासण्याची कुपी मागविली. थेंब टाकताच पाण्याचा रंग हिरवा झाला, अमोनिया उतू चालला होता. मग वाचन केले आणि अपराध उलगडला. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, कुजलेल्या अन्नातूनही तो निघतो. वाळूत आणि स्पंजात वाढलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. अमोनियाने कल्ले आणि मिशा पोळतात. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, रक्त तपकिरी पडते. ज्यांच्या जिवावर ती पेटी चालली होती, त्या जीवाणूंना आम्ही नळाच्या क्लोरिनने धुऊन काढले होते आणि वर पाच दिवसांचा नैवेद्य कुजत घातला होता. पाण्यातून मिळत नाही तो श्वास सिंघी वरून आणीत होती. नाजूक मासा असता तर दोन दिवसांत उलटा तरंगून त्याने आम्हांस जागे केले असते. ही काटक, म्हणून सोसत राहिली. काटक जिवांचे दुःख उशिरा कळते, ते असे.

उपाय साधे होते. रात्रभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरिन उडालेले पाणी एक दिवसाआड पेटीत घालायचे, तेही चौथाईच बदलायचे. स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नव्हे. खाणे आठवडाभर जवळजवळ बंद. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेसाठी चार बोटे जागा. आश्विन निम्मा सरला तेव्हा कुपीतला रंग पिवळा राहू लागला. सिंघी पुन्हा दिवसा कौलाखाली, पुन्हा माळेला दोनदा.

येथे हा लेख संपावयास हवा होता. परंतु उलटतपासणीत एखादे उत्तर तेव्हा कानांवरून जाते आणि मध्यरात्री अचानक आठवते, तसे आमचे झाले. सिंघी फिरते रात्री. आईने तिच्या खेपा मोजल्या त्याही रात्री, माळ ओढताना. म्हणजे आई रात्री जागी होती. एक रात्र नव्हे. पूर्वीचे माप आणि आताचे माप सांगण्याइतक्या रात्री.

त्या रात्री दोन वाजता आम्ही ओसरीवर गेलो. पेटीच्या मंद दिव्यात आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. विचारले, “झोप येत नाही?” ती म्हणाली, “येते रे. पण आडवे झाले की छाती भरून येते. बसले की बरे वाटते. म्हटले, बसलोच आहोत तर नाव घ्यावे.” केव्हापासून, असे विचारले तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, “दिवाळीपासून.” म्हणजे जवळजवळ एक वर्ष. तिचा पहाटेचा जप आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो होतो. आमच्या आईस पहाटे जाग येते, असे म्हणत आलो होतो. तो तिचा स्वभावच, असे आम्ही तिच्याही बाबतीत ठरवून टाकले होते.

डॉक्टरांनी तपासले. हृदय दुर्बळ झाले होते. आडवे होताच फुप्फुसांत पाणी साठत होते. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झाले, उशाशी तीन उशा आल्या. महिनाभरात ती पुन्हा निजू लागली. डॉक्टर आम्हांस म्हणाले, “आणखी उशीर झाला असता तर कठीण होते.” आम्ही न्यायालयात पुष्कळ निवाडे ऐकले आहेत, तो ऐकताना मान वर झाली नाही.

शतपथ ब्राह्मणातील मत्स्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मनूच्या ओंजळीत आलेल्या मासळीने पुढच्या पुराची सूचना दिली. तिला त्याने आधी घड्यात ठेवले, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात सोडले. या कथेत आम्ही आजवर मत्स्याचेच माहात्म्य पाहत होतो. आता मनूचे वाटते. हात धुताना ओंजळीतल्या पाण्यात काय आले आहे, हे त्याने पाहिले.

सिंघी अजून पेटीत आहे. रात्री झोपण्यापूर्वी आम्ही घड्याळ लावून दहा मिनिटे तिच्या खेपा मोजतो आणि वहीत लिहितो. मग आईच्या खोलीच्या दाराशी थांबतो. आत अंधार असतो आणि श्वास संथ चाललेला ऐकू येतो. तोही वहीत लिहितो.