कान हलका, डोकं घरात

घरात आवाजावर चालणारा मदतनीस हवाच असेल, तर खोलीतलं यंत्र शक्य तितकं बिनडोक असावं आणि सगळी अक्कल घरातल्याच एका संगणकात असावी, असं माझं मत आहे. याचं कारण म्हणून बहुतेक जण खासगीपणा सांगतात, आणि ते खोटं नाही. अ‍ॅलेक्सा, सिरी आणि गूगलशी झालेल्या बोलण्याचा काही भाग माणसं ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झालं. आवाज क्लाउडवर न पाठवण्याची मुभा अ‍ॅमेझॉनच्या मोजक्या इको स्पीकरांवर होती, तीही मार्च २०२५ मध्ये गेली. मला मात्र त्याहून वजनदार कारण मराठीचं वाटतं.

खोलीतल्या यंत्राचं काम किती थोडं असतं, ते आधी पाहू. ईएसपी३२-एस३ ही वाय-फाय असलेली स्वस्त चिप हाक मारलेला शब्द स्वतः ओळखते. घरातली यंत्रं घरच्याच संगणकावरून चालवणाऱ्या होम असिस्टंट या खुल्या प्रणालीने डिसेंबर २०२४ मध्ये आणलेली आवाजाची डबीही याच चिपवर चालते. पुढचं बोलणं सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, या मापाने घरातल्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातं. म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट. घरच्या राउटरला हे जाणवतही नाही. आवाजाची अक्षरं करणं, अर्थ लावणं, उत्तर बोलणं हे सारं एकाच ठिकाणी होतं. त्यामुळे तिथलं मॉडेल बदललं की स्वयंपाकघरातला आणि झोपायच्या खोलीतला असे दोन्ही कान एकदम सुधारतात. मराठीला नेमकी याचीच गरज आहे. आवाजाची अक्षरं करणारं ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल २०२२ मध्ये ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं; त्यात इंग्रजी सोडून ९६ भाषांना मिळून १,१७,००० तास आले आणि मराठीच्या वाट्याला अगदी चिमूटभर. त्याची लहान आवृत्ती मराठीत अडखळते ती म्हणूनच. शिवाय घाटकोपर-मुलुंडच्या घरांत एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी नांदतात, तर व्हिस्पर आवाजाच्या एका तुकड्यासाठी एकच भाषा गृहीत धरतं. आपल्या सर्व्हरवर व्हिस्पर काढून आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाचं भारतीय भाषांसाठीचं खुलं मॉडेल बसवता येतं. ‘गीझर बंद कर’ अशा ठरलेल्या वाक्यांचे साचे घरच्या बोलीत लिहिता येतात. त्यांचा अर्थ लावायला मोठ्या मॉडेलची गरजच नसते. अ‍ॅलेक्साला हिंदी आली २०१९ मध्ये, आणि भाषांचा तो क्रम कंपनीने ठरवला. आपल्या घरात तो आपण ठरवावा.

आता आक्षेप. पंखा, मिक्सर, खिडकीखालचे हॉर्न यांतून माणसाचा आवाज वेगळा काढण्यात कंपन्यांचे अनेक मायक्रोफोनवाले स्पीकर स्वस्त डबीपेक्षा सरस आहेत, हे मान्यच करायला हवं. विजेचा आक्षेप मात्र फुगवलेला आहे. दहा वॅट खाणारा छोटा संगणक अखंड चालला तरी महिन्याला सातेक युनिट होतात; अंधेरीत अदाणीचं बिल येवो की मुलुंडमध्ये महावितरणचं, त्यात फार फरक पडत नाही. ग्राफिक्स कार्ड लावून मोठं भाषा-मॉडेल चालवायचं ठरवलं, तर गणित बदलतं. वीज गेली तर काय, असंही विचारतात. १२ ऑक्टोबर २०२० सारखी मुंबईच अंधारात गेली, तर लावायला दिवाही नसतो, मग मदतनीस काय करणार?

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो फारसा कुणी घेत नाही. दोन खोल्यांच्या घरात सर्व्हरची किल्ली बहुधा एकाच्या हातात असते. कंपनीच्या कानापासून सुटलेलं घर मग मुलाच्या किंवा नवऱ्याच्या कानाच्या टप्प्यात येऊ शकतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे कामाला येत नाही, कारण व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला त्यातून सूट आहे. कामाला येणाऱ्या मावशींना तर तो कोपऱ्यातला डबा ऐकतो हेही ठाऊक नसतं. एवढ्यासाठी सर्व्हर पुन्हा कंपनीकडे सोपवावा, असं मी म्हणणार नाही. तिथली किल्ली तर घरातल्या कुणाच्याच हाती नसते. पण उत्तर देऊन झालं की ध्वनिफीत पुसली जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा, मायक्रोफोन तोडणारं खरंखुरं बटण असलेलंच यंत्र घ्या, आणि ते भिंतीला लावण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, मावशींनासुद्धा, विचारा. कुणी नको म्हटलं, तर त्या खोलीत लावू नका.