कलम

एका शब्दावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी ‘कलम’ निवडला. व्याख्यान संपलं की दरवेळी कुणीतरी उठून सांगतं, हा शब्द मूळचा आपलाच, कालिदासातही आहे. आहे खरा. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात कलम येतो, पण तो भाताचा प्रकार. रघूने हरवून पुन्हा गादीवर बसवलेल्या वंगराजांना उपटून लावलेल्या त्या भाताची उपमा दिली आहे. लेखणी हा अर्थ नंतरच्या संस्कृत कोशांत सापडतो.

आपल्या दफ्तरांतला कलम फारसीमार्गे अरबीतून आला. अरबीत तो ग्रीक ‘कालामोस’वरून, म्हणजे बोरूवरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रीक क अरबीत पुष्कळदा घशातल्या ‘काफ’ने लिहिला जातो, ‘कानोन’चा ‘कानून’ झाला तो असाच. आपल्या मोडीत दोन्ही क सारखेच, म्हणून भात आणि लेखणी एका रूपात भेटले. नुसतं रूप जुळलं म्हणून नातं ठरवणं मला सोसत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात.

बोरूला टोक काढायचं तर तो तिरका छाटावा लागतो. फारसीत ‘कलम करणे’ म्हणजे छाटणे. शिर कलम होतं ते त्यामुळेच, आणि माझ्या मते आंब्याचं कलमही याच छाटण्यातून आलं. हापूसची कोय रुजवली तर हापूसच मिळेल याची खात्री नसते. म्हणून जातिवंत झाडाची काडी छाटून रायवळ रोपावर बांधतात. भेट कलम, पाचर कलम, कोय कलम हे त्याचे प्रकार. कोकणात तर अख्ख्या झाडालाच कलम म्हणतात.

जुन्या यादीतली एकेक बाब म्हणजेही कलम, आणि कायद्यातलं कलम याच अर्थाचं. शासकीय मराठीत कायद्याचं ‘कलम’ आणि राज्यघटनेचा ‘अनुच्छेद’ अशी चांगली विभागणी आहे. वर्तमानपत्रं ‘कलम 370’ छापून ती पुसून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो.

अलीकडे रत्नागिरीकडच्या एका घरातून वाटणीचा मोडी कागद वाचायला आला. वर ‘कलमे सात’. घरच्यांच्या मते सात झाडं. खाली सात बाबी ओळीने मांडलेल्या, तेव्हा मी ‘बाबी’ असं लिहून दिलं. त्यांना ते पटलेलं नाही, आणि त्यांची अडचण मला कळते. सातवी बाब परसातल्या आंब्याच्या कलमांचीच आहे, पण तिथे आकड्याच्या जागी वाळवीने कागद खाल्ला आहे. झाडं किती होती, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. वरचा सात झाडांचा नाही, यावर मी ठाम आहे.