बसून खायची जागा

पांढुर्ण्यात तीस रुपयांत पोट भरत नाही असं कोणी सांगितलं, तर तो माणूस पांढुर्ण्याला आलेलाच नाही असं खुशाल समजा. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून असलेलं हे आमचं गाव. शहर म्हणावं तर लहान, आणि खेडं म्हणावं तर इथं रेल्वे स्टेशन आहे, बाजारपेठ आहे आणि ऑक्टोबर २०२३ पासून जिल्ह्याची पाटीसुद्धा आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून हा जिल्हा केला. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मी सावरगावची. आमच्याकडं घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि हॉटेलात दोन्ही चालतात. आणि हो, हॉटेल म्हणजे तुम्हाला वाटतं तसं काही नाही. एक कढई, दोन बाक आणि पाण्याचा ड्रम असला की झालं हॉटेल!

हद्दीवरच्या गावाचा एक फायदा असतो, खाणं दोन्हीकडचं मिळतं. सकाळी एका गाडीवर नागपुरी पद्धतीचे पोहे, वर काळ्या चण्याची लालभडक तर्री. दहा पावलांवर दुसऱ्या गाडीवर त्याच पोह्यांवर शेव आणि बाजूला गरम जिलेबी, एमपीवाल्यांची तऱ्हा. दुपारी आलूबोंडा, कचोरी, मुंगभजे. संध्याकाळी पाटोडीचा रस्सा नाहीतर सावजी. भाव विचाराल तर पोह्यांची प्लेट वीस रुपये, कचोरी पंधरा, थाळी ऐंशी ते शंभर. इथं नागपूरला होस्टेलवर आल्यावर कळलं की एवढ्या पैशांत एवढी चव मिळणं ही काही साधी गोष्ट नाही.

हे परवडतं कसं, याचा मी थोडा विचार केलाय. स्वस्त आणि चांगलं हॉटेल बहुतेक एकच वस्तू करतं. पोहेवाला पोहेच करतो. सकाळी सहाला गाडी लागते, दहाच्या आत पातेलं रिकामं. शिळं उरत नाही, म्हणून फेकावंही लागत नाही. मेन्यू कार्ड नाही, वेटर नाही, पंखा नाही. गिऱ्हाईक उभ्या उभ्या खातं आणि पाच मिनिटांत जागा मोकळी करतं. म्हणजे त्या वीस रुपयांत तुम्ही फक्त पोह्यांचे पैसे देता, बसण्याचे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

होस्टेलमधल्या मैत्रिणी दिवाळीनंतर माझ्याकडं यायच्या ठरल्या, तेव्हा त्यांनी यादी मागितली. स्वस्तात चांगलं कुठं खायचं? मी वही घेऊन बसले आणि दहा मिनिटांत अकरा ठिकाणं लिहून काढली. स्टेशनबाहेरची कचोरी, बस स्टँडवरचा आलूबोंडा, बाजारातली जिलेबी, हायवेवरचा ढाबा. मग त्यातली एक म्हणाली, "आपण चौघी तिथं बसायचं कुठं?" मी यादी पुन्हा वाचली. अकरापैकी नऊ ठिकाणी मी आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. चव मात्र अकराही ठिकाणांची तोंडपाठ होती. कारण ते सगळं आमच्या घरी दादा आणायचा. पार्सल!

आमच्या गावाकडच्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. बाबा बाजारात गेले की तिथंच खाऊन येतात, दादा मित्रांसोबत खातो, आणि आपल्यासाठी वर्तमानपत्रात बांधलेला पुडा येतो. कोणी मनाई केलेली नसते बरं का. फक्त कोणी कधी "चल, तिथं बसून खाऊ" असं म्हणालेलं नसतं.

आता पार्सलनं काय होतं ते बघा. कचोरी कागदात गुंडाळली की वाफेनं नरम पडते. तर्री वेगळ्या पिशवीत बांधून दिली तरी घरी येईपर्यंत गार होते, तेल वर जमतं. जिलेबीचा कुरकुरीतपणा पहिल्या पाच मिनिटांचा. नदीवरचा पूल ओलांडून सावरगावला येईपर्यंत तो संपतोच. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मी समजत होते की कचोरी ही मऊ वस्तू आहे. नागपूरला कॉलेजच्या रस्त्यावर पहिल्यांदा कढईतून निघालेली कचोरी खाल्ली आणि ती दाताखाली चक्क वाजली. मग माझ्या लक्षात आलं, एकाच दुकानाची, एकाच भावाची कचोरी आमच्या घरातले पुरुष एक खातात आणि बायका दुसरीच खातात.

सावरगावच्या मुलीनं नदी ओलांडणं ही तशी जुनीच भानगड. तुम्ही गोटमार ऐकली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. दरवर्षी डोकी फुटतात, माणसं मेलीही आहेत. दंतकथा अशी की पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून नेली, आणि ती दोघं नदीच्या मध्यावर असताना दोन्ही गावं एकमेकांवर दगड घेऊन धावली. खरं-खोटं देव जाणे. पण एक पोरगी पूल ओलांडून गेली याची आठवण एवढ्या धामधुमीनं ठेवणाऱ्या गावात, मी एकटी जाऊन आलूबोंडा खाल्ला तर दोन-चार माना वळणारच की!

सुट्टीत घरी गेले तेव्हा ठरवलं, यादी स्वतः बसून तपासायची. सोबत शाळेतली एक मैत्रीण घेतली. पहिल्याच ठिकाणी, आम्ही बाकावर टेकायच्या आत मालक काका म्हणाले, "काय बांधून देऊ, पोरींनो?" आम्ही म्हटलं, इथंच खायचं आहे. ते क्षणभर थांबले, मग बाकावरच्या दोन माणसांना म्हणाले, "सरका जरा, लेकरं बसू द्या." माणूस वाईट नव्हता. पण सगळ्यांचं बोलणं बंद झालं, आणि आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारख्या खाली मान घालून खात होतो. चव घेतली की नुसतं गिळलं, आठवत नाही.

दुसऱ्या ठिकाणी आत पडद्यांचे कप्पे होते, 'फॅमिली केबिन'. तिथं बसता येतं, पण तिथं वीस रुपयांचं काही मिळत नाही. मेन्यूत सगळ्यात स्वस्त वस्तू सत्तर रुपयांची. शिवाय पडद्याआड दोन मुली बसल्या की वेटर पुन्हा पुन्हा डोकावतो. म्हणजे मघाचा हिशोब इथं उलटा झाला. बाहेर पुरुषाला बसण्याचे पैसे पडत नाहीत. आम्हाला बसायचं असेल तर पडद्याचे पन्नास रुपये जास्त.

तिसऱ्या ठिकाणी सगळं छान होतं, फक्त बाईमाणसाला जायला बाथरूम नव्हतं. हे छापील मासिकात कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तर्री खाल्ल्यावर दोन पेले पाणी लागतंच. पण बाहेर पडलेली बाई हिशोबानं पाणी पिते. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आगेमागे उतरतात, तेव्हा ती माल निवडायला जायची. गाड्या भरणारे पुरुष दुपारी टपरीवर चहा-बोंडा घ्यायचे. बायका झाडाखाली फडक्यातली भाकर सोडायच्या. मजुरी त्यांनाही मिळत होती, दहा रुपये त्यांच्याही पदराला बांधलेले असायचे. पण टपरीवर जायचं कोणाच्या मनात यायचं नाही.

वाचताना सापडलेली एक गोष्ट इथं सांगते. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवायच्या त्या बायकाच. घरात दहा-वीस गिरणी कामगारांचं जेवण रांधायचं, आणि सामानासाठी सावकाराचं कर्ज डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. केवढी मोठी गोष्ट! पण त्या खानावळीतही पाटावर बसणारा पुरुष आणि चुलीपाशी बसणारी बाई, हे होतंच. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. त्यात त्यांनी मुंबईबद्दल म्हटलंय की बाईला रस्त्यावर असायला काहीतरी कारण दाखवावं लागतं. मला वाचताना जामसावळी आठवलं. सौंसरजवळच्या त्या मारुतीला मंगळवार-शनिवारी गर्दी असते आणि तिथं आमच्याकडच्या बायका बिनधास्त बाकावर बसून भजी खातात. कारण देवाला आलेल्या असतात ना! तीच भजी, तशीच कढई, पण घराबाहेर पडायचं कारण भक्कम. म्हणजे बायकांना बाहेर बसून खाणं आवडत नाही, हे काही खरं नाही.

अकरापैकी शेवटी चार ठिकाणं माझ्या यादीत राहिली. नावं छापत नाही, कारण हॉटेलं बदलतात, हात बदलतात. त्यापेक्षा ती ओळखायची कशी ते सांगते. कुठल्याही लहान गावात कामाला येईल.

पहिलं, कढईपाशी किंवा गल्ल्यावर घरातली बाई आहे का ते बघा. नवरा-बायको मिळून चालवतात तिथं बसायला सहसा अडचण येत नाही. दुसरं, शाळा, दवाखाना किंवा कचेरीच्या जवळचं हॉटेल धरा. जिल्हा झाल्यापासून बाहेरगावच्या मॅडम लोक नोकरीला येतात, दुपारी दोघी-तिघी मिळून खायला निघतात. त्यांनी एखादं ठिकाण धरलं की आपल्यालाही रस्ता मोकळा. तिसरं, वेळ सांभाळा. पोहे आठला, कचोरी चारला, म्हणजे ताजा घाणा मिळतो. चौथं, भाव आधी मोठ्यानं विचारा, "काका, प्लेट कितीची?" यानं भाव तर कळतोच, आणि आपण गिऱ्हाईक आहोत हेही सगळ्यांना कळतं. पाचवं, पाणी आणि बाथरूमचं न लाजता विचारा. दहा जणींनी विचारलं तर अकरावीसाठी सोय होईल.

या चारांपैकी एका ठिकाणी मी आईला नेलं. ती आधी "कायले उगीच? बांधून आण नं" म्हणाली. मग पदर सावरत दाराकडं पाठ करून बसली. "लवकर खाय, कोणी पायल," हेही झालं. कचोरी आली तशी तिनं बोटानं फोडली, वाफ निघाली, आणि तिनं थेट कढईपाशी बसलेल्या काकूंना विचारलं, "मोहन किती घालता वं?" मग पाऊण तास दोघींचं मोहन, बडीशेप आणि तेल कितपत तापू द्यायचं, यावर चाललं. मी दुसरी कचोरी मागवली. दोघींचं मिळून साठ रुपये बिल झालं, चहासकट. घरी जाताना आई पुलावर म्हणाली, "दादा आणते ते याच दुकानातलं होय?" मी हो म्हटलं. ती पुढं काही बोलली नाही. पण पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना घेऊन गेली, असं दादानं फोनवर सांगितलं.

तर मैत्रिणींनो, पांढुर्ण्याला याल तेव्हा माझी यादी तयार आहे. नागपूरहून गाडीनं दोनेक तास लागतात. एक विनंती तेवढी करेन. आत कोपऱ्यात बसू नका, रस्त्याकडं तोंड करून पुढच्या बाकावर बसा. रस्त्यानं जाणारी एखादी पोरगी आत बघेल, तिला तुम्ही खाताना दिसाल. मग तिचंही पार्सल कमी होईल.