तेरणाकाठचे कान

गेल्या भाद्रपदात माकणीला जाण्याचा योग आला. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले हे तेरणेकाठचे गाव. गेलो होतो निम्न तेरणा धरण पाहायला. पण पाहण्यापेक्षा ऐकूनच अधिक आलो.

"धरण काय, उद्याबी तिथंच असतंय," आमचे स्नेही म्हणाले. "आज एकादशी. देवळात चला."

देवळात दहा-बारा मुलेमुली गोल करून बसली होती. एक चिमुरडी परातीत कणीक मळत होती. प्रसादाची तयारी दिसते, असे म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो. पण तो गोळा गेला पखवाजाच्या डाव्या तोंडावर! कणकेवाचून पखवाजाला घुमारा येत नाही, हे ज्ञान मला साठीच्या उंबरठ्यावर झाले.

या शाळेला पाटी नाही, फी नाही, परीक्षा नाही. बुवा हातोडीने पखवाजाचे गठ्ठे ठोकीत सूर जुळवीत होते. नव्या मुलांना वाद्याला हात लावू देत नाहीत. आधी बोल तोंडाने म्हणायचे, मग टाळीवर धरायचे. बुवांचे म्हणणे एवढेच : "आधी कान, मग हात."

त्यासाठी त्यांनी साक्ष काढली गोरोबाकाकांची. काकांचे तेर याच तेरणेवर, वरच्या अंगाला. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे, हे त्यांनी सांगितले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. "पण पाव्हणं, काकांनी मारलं किती आणि ऐकलं किती?" बुवांनी विचारले. मी निरुत्तर!

मग माझ्याही हाती टाळ आले. शहरी उत्साहाने मी असे काही बडवले की पोरे खो-खो हसू लागली. बुवा मात्र शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याचा ऐकू येईल एवढाच आपला वाजवायचा."

इतक्यात दूर कुठेतरी ढग गडगडला. मुलांचे चालूच होते. पण बुवांचा हात पखवाजावर थबकला. भिंतीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्याही एकदम गप्प झाल्या. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजू लागले, तेव्हा कुठे साऱ्यांनी श्वास सोडला.

कारण मागाहून कळले. बुवा जवळच्याच एका पुनर्वसित गावचे. किल्लारीच्या परिसरात १९९२ पासून धक्के बसत होते, जमीन गुरगुरत होती. १९९३ साली गणपती विसर्जनाची रात्र झाली, टाळ खुंटीला लागले, गावे झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. या धरणाच्या पाण्याशी त्याचा संबंध होता का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. एकमत झाले नाही.

"पुढं किती दिवस पखवाजाला शिवलो न्हाई," बुवा म्हणाले. "डाव्या अंगावर थाप पडली की छाती दडपायची. जमीन अशीच बोलली हुती."

"मग पुन्हा हाती कसा घेतलात?"

बुवांनी पखवाजावरची कणीक हलकेच खरवडली. "जुन्या गावात भिंतीला भिंत हुती. पहाटं शेजारचं जातं ऐकू यायचं, कुणी खोकलं तरी कळायचं. नव्या गावात रस्ते रुंद, घरं लांब-लांब. घर मिळालं, शेजारी न्हाई ऐकू येईना. मग म्हटलं, पखवाज तरी सगळ्यांला ऐकू जाईल."

मी काहीच बोललो नाही. पुण्यातल्या आमच्या इमारतीत भिंतीला भिंत आहे. पण पलीकडे कोण खोकते, हे मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरण पाहिले. पाणी अगदी निवांत होते. निरोप घेताना मी बुवांपुढे डोके वाकवून थट्टेने विचारले, "काय बुवा, भाजलंय का मडकं?"

त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केले आणि कान देऊन ऐकले. मग हसून म्हणाले, "आणखी एक पावसाळा लागंल, पाव्हणं."

पुढच्या भाद्रपदात पुन्हा जाणार आहे.